पुण्यातली सॉफ्टवेअर कंपनी संभाजीनगरला हलवावी का? आधी भाड्याचा कागद बाजूला ठेवा

प्रश्न थोडक्यात असा आहे. पुण्यात बाणेरला २८ जणांची सॉफ्टवेअर कंपनी. भाडेकरार मार्चअखेर संपतो आणि जागामालक भाडं वाढवून मागतोय. माणसांचे रोज दोन-अडीच तास रस्त्यावर जातात, आणि कुणी ना कुणी कायम नोटीस पिरियडवर असतंच. कंपनीचे मालक मूळचे परभणीचे. सगळा कारभार उचलून छत्रपती संभाजीनगरला किंवा लातूरला आणला तर जमेल का?

मी अकरा वर्षं पुण्यात नोकरी केली. २०१६ मध्ये संभाजीनगरच्या चिकलठाणा एमआयडीसीत ऑफिस उघडलं, आणि त्यानंतर पाच-सहा छोट्या कंपन्यांना इकडं आणायला हातभार लावला. त्यातल्या दोन परत गेल्या. त्या दोघीही भाड्याचा हिशेब करून आल्या होत्या, म्हणून आधी तोच हिशेब उरकून टाकू.

आकडे उदाहरणादाखल घेतोय, तुमचे तुम्ही घाला. २८ माणसं, सरासरी पगार ७५ हजार, म्हणजे महिन्याला २१ लाख. पुण्यात एका सीटला भाडं, वीज, मेंटेनन्स सगळं धरून ९ हजार पडतात असं समजा, म्हणजे अडीच लाख. इकडं ते निम्म्यावर आलं तर महिन्याला सव्वा लाख वाचले. ऐकायला बरं वाटतं, पण पगाराच्या आकड्याशेजारी ठेवलं तर ते सहा टक्के होतात. आता हलवाहलवीत तुमचे तीन सीनियर सोडून गेले असं धरा. त्यांच्या जागी नवे घ्यायचे तर तीस-चाळीस टक्के जास्त द्यावे लागतील. नवा माणूस कामाला लागेपर्यंत तीन महिने जातील, आणि त्या तीन महिन्यांत क्लायंट जे बोलेल त्याची किंमत वेगळी. वर्षभराची भाड्याची बचत तिथंच संपते. भाड्यासाठी इकडं येणं म्हणजे पेट्रोल स्वस्त आहे म्हणून घर बदलण्यासारखं आहे.

हल्ली कुणीही या विषयावर बोललं की टेक्सासचं उदाहरण देतं. डिसेंबर २०२० मध्ये ह्युलेट पॅकार्ड एंटरप्राइझने सॅन होजेहून ह्यूस्टनला मुख्यालय नेत असल्याचं जाहीर केलं, त्याच महिन्यात ओरॅकलने ऑस्टिन जाहीर केलं, पुढच्या वर्षी टेस्लाही ऑस्टिनला गेली. पण त्यातल्या दोन गोष्टी आपल्याला लागू नाहीत. एक म्हणजे कर. कॅलिफोर्नियात राज्याचा आयकर आहे आणि वरच्या उत्पन्नाला तो १३ टक्क्यांच्या पुढे जातो, टेक्सासमध्ये व्यक्तीला राज्याचा आयकरच नाही. तिथं नुसतं गाव बदललं की पगार वाढतो. आपल्याकडे आयकर बाणेरला तोच आणि परभणीला तोच, व्यवसाय करही तोच. दुसरी गोष्ट म्हणजे तिथं बऱ्याचदा हलली ती मुख्यालयाची पाटी. माणसांवर सक्ती नव्हती, ज्याला जिथं राहायचं तिथं तो राहिला. ओरॅकलचे संस्थापक एलिसन यांनी तर २०२४ मध्ये नॅशव्हिलला मुख्यालय करणार असंही सांगून टाकलं. तुम्हाला पाटी हलवायची नाही, माणसं हलवायची आहेत, आणि ते फार वेगळं काम आहे.

आपल्या देशातली दोन उदाहरणं जास्त उपयोगाची आहेत. इन्फोसिसने हुबळीत मोठा कॅम्पस उभा केला, पण तिकडं बदली घ्यावी म्हणून २०२४ मध्ये कर्मचाऱ्यांना वेगळा भत्ता जाहीर करावा लागला. इमारत बांधणं सोपं होतं, माणूस नेणं अवघड गेलं. याउलट चेन्नईची सॉफ्टवेअर कंपनी झोहो. तिचे संस्थापक श्रीधर वेंबूंनी २०११ मध्ये तमिळनाडूच्या तेनकाशी भागात ऑफिस सुरू केलं, पण त्याआधी २००५ पासूनच त्यांची स्वतःची शाळा चालू होती, बारावी-डिप्लोमा झालेल्या पोरांना घेऊन शिकवणारी. तेनकाशीला त्यांनी चेन्नई उचलून नेली नाही, तिथल्या भागात माणसं तयार केली. शिवाय त्यांचं स्वतःचं प्रॉडक्ट आहे. तुम्ही क्लायंटच्या तासांवर जगता, तेव्हा तेवढी सबुरी तुम्हाला परवडणार नाही, पण दिशा तीच धरायची.

म्हणजे फायदा कशात आहे? जी माणसं मुळात इकडचीच आहेत, ती टिकण्यात. पुण्यात २५ हजारांवर लागलेला फ्रेशर घ्या. कॉट बेसिसची खोली, मेस, गाडीचं पेट्रोल, महिन्यातून एकदा गावाकडची बस. हातात काय उरतं ते त्यालाच विचारा. तोच पोरगा इकडं सिडकोत नाहीतर गारखेड्यात स्वतःच्या घरात राहतो, आईच्या हातचा डबा आणतो, संध्याकाळी साडेसहाला घरी असतो. असा मुलगा पाच हजार जास्त मिळतात म्हणून लगेच उडत नाही. आमच्याकडे सगळ्यात जुनी माणसं हीच आहेत.

पण यावरून ‘इकडं कमी पगारात भागतं’ असा अर्थ काढू नका. २०२० नंतर ते दिवस गेले. पाच वर्षं अनुभव असलेली मुलगी आज सिडको एन-सातमधल्या आपल्या घरात बसून बंगळूरच्या कंपनीचं काम करते आणि बंगळूरचाच पगार घेते. तिला तुम्ही ‘इथं खर्च कमी आहे ना’ म्हणून कमी देऊ केलं तर ती चहा पिऊन जाईल, परत येणार नाही. हात आखडता घ्यायचा तर फर्निचरवर घ्या.

आता तुमचं खरं काम. एक कागद घ्या आणि २८ नावं लिहा. प्रत्येकापुढे मूळ गाव, लग्न झालंय का, नवरा किंवा बायको कुठं नोकरी करते, मुलं कितवीत आहेत, आणि फ्लॅटचा हप्ता चालू आहे का. एचआरला सांगू नका, स्वतः लिहा. मी असा कागद पहिल्यांदा केला तेव्हा वाटलं होतं, मराठवाड्यातले सगळे येतील आणि बाकीचे राहतील. झालं भलतंच. पुण्यात रावेतला फ्लॅट घेतलेले नांदेडचे दोघे हलले नाहीत. सांगलीचा एक आला, कारण त्याच्या बायकोला इथल्या शाळेत नोकरी लागली होती. गाव कुठलं यापेक्षा जोडीदाराची नोकरी आणि हप्ता या दोन रकान्यांत उत्तर असतं.

एक रकाना मी तेव्हा धरलाच नव्हता, तो म्हणजे लग्न ठरायचं बाकी असलेले. आमचा एक टीम लीड जालना जिल्ह्यातला, अगदी आनंदानं इकडं आला. म्हातारे आईवडील तासाभरावर, शनिवारी शेतात. वर्षभरानं एकदा दार लोटून आत आला आणि म्हणाला, “सर, माझ्या लेटरवर पुण्याचा पत्ता टाकता येईल का?” मला वाटलं बँकेचं कर्ज वगैरे असेल. मग कळलं की सेलूकडचं चांगलं स्थळ मोडलं होतं. मुलीच्या वडिलांनी मध्यस्थाला विचारलं होतं, “पोरगा पुण्यात होता म्हनं, मंग वापस काऊन आला? कंपनीनं काढलं का?” पगार तोच, काम तेच, वर स्वतःच्या घरात राहतो. तरी बायोडेटात पुणे नाही म्हणजे काहीतरी गडबड आहे, असा हिशेब. हसू नका, हा प्रकार तुमच्या पंचवीस ते तीस वयाच्या निम्म्या पोरांना लागू आहे आणि कुठल्याही एक्सेल शीटमध्ये तो येत नाही.

आम्ही पुण्यात चार सीटची जागा ठेवली आणि महिन्यातून आठवडाभर त्याला तिथं बसवलं. क्लायंटच्या बैठकांनाही ती कामाला आली. त्याचं लग्न पुढे झालं, बायको इथलीच, मुलगी आता इथंच बालवाडीत जाते. ती चार सीटची जागा मात्र आम्ही अजून सोडलेली नाही.

तुम्हीही पुण्याचा पत्ता सोडू नका, त्याला कायद्याचंही कारण आहे. पुणे आणि संभाजीनगर एकाच कंपनी निबंधकाच्या अखत्यारीत येत नाहीत. राज्य एकच असलं तरी नोंदणीकृत कार्यालय इकडं आणायचं तर नुसता ठराव करून भागत नाही, प्रादेशिक संचालकांची मंजुरी घ्यावी लागते. कशाला तो व्याप? नोंदणीकृत कार्यालय पुण्यातच राहू द्या. जीएसटीत इकडची जागा ‘अतिरिक्त व्यवसाय स्थळ’ म्हणून पंधरा दिवसांच्या आत दाखवा, राज्य तेच असल्यानं नवा नंबर लागत नाही. दुकाने व आस्थापना कायद्याखाली इकडच्या ऑफिसची नोंदणी करा. एवढं तुमचा सीए आठवड्यात करून देईल.

सवलतींबद्दल तुम्हाला खूप लोक खूप काही सांगतील. कुणी म्हणेल एसटीपीआयमध्ये, म्हणजे केंद्र सरकारच्या सॉफ्टवेअर पार्क योजनेत, नोंदणी करा, कर माफ. एसटीपीआयचं केंद्र इथं आहे आणि सॉफ्टवेअर निर्यात दाखवायच्या सॉफ्टेक्स फॉर्मसाठी त्यांच्याशी संबंध येतोच, पण ती आयकराची सूट ३१ मार्च २०११ ला संपली. राज्याच्या २०२३ च्या आयटी धोरणात वीज औद्योगिक दरानं आणि वीज शुल्कात सूट अशा गोष्टी आहेत, त्या जरूर घ्या, मात्र त्यावर निर्णय बेतू नका. ऑरिकबद्दल विचाराल तर, शेंद्रा-बिडकीन मिळून दहा हजार एकरांचं शहर आहे, रस्ते बघून डोळे दिपतात, पण ते मुळात कारखान्यांसाठी आहे. २८ जणांच्या कंपनीनं रोज गावाबाहेर जायचं, बस लावायची, संध्याकाळी मुलींना सोडायची सोय करायची, त्यापेक्षा जालना रोड, सिडको, चिकलठाणा एमआयडीसी हाच पट्टा बरा.

आता जागा बघताना काय बघायचं. इथं मी जरा जास्त बोलणार आहे, कारण इथंच मी मार खाल्लाय.

इंटरनेटसाठी दोन कंपन्यांच्या दोन लाइन घ्या, हे कुणीही सांगतं. आम्हीही घेतल्या होत्या, एक लीज्ड लाइन, एक साधी फायबर. जायकवाडीहून शहराला पाणी आणायची १,६८० कोटींची म्हणून सुरू झालेली योजना आठवत असेल, तिच्या नळांसाठी गावभर रस्ते उकरले गेले. एका मंगळवारी दुपारी तीनला आमच्या कोपऱ्यावर जेसीबी आला. पहिली लाइन गेली, हसलो. मिनिटभरात दुसरीही गेली. खाली जाऊन बघतो तर दोन्ही कंपन्यांच्या केबल एकाच चरात, एकमेकींना टेकून, आणि जेसीबीच्या दाताला दोन्हींचे तुकडे लोंबतायत. अमेरिकेतला क्लायंट साडेसातला कॉलवर येणार होता. तो कॉल आम्ही पाच जणांनी मोबाइलच्या हॉटस्पॉटवर, पार्किंगमध्ये गाड्यांवर बसून केला. तेव्हापासून मी लाइन घेताना कंपनीचं नाव विचारत नाही, केबल बिल्डिंगमध्ये कुठून शिरते ते माणसाबरोबर चालत जाऊन बघतो. एक जमिनीखालून आणि दुसरी खांबावरून किंवा गच्चीवरच्या वायरलेसनं, असं हवं.

विजेचं तेवढं अवघड नाही. एमआयडीसीत वीज बरी असते. जनरेटर बिल्डिंगचा आहे की फक्त लिफ्टचा, आणि एसीसुद्धा त्यावर चालतो का, हे विचारा. मे महिन्यात इथं पारा बेचाळीसच्या आसपास जातो. यूपीएसच्या बॅटऱ्या बंद खोलीत ठेवल्या तर दोन उन्हाळ्यांत बसतात.

आणि पाणी. जायकवाडीचं धरण पन्नासेक किलोमीटरवर, तरी या शहरात नळाला पाणी कित्येक दिवसांआड येत आलंय. ऑफिसला त्याचा काय त्रास, असं पुण्यात बसून वाटतं. बिल्डिंगला बोअर आहे का, ती एप्रिलमध्ये आटते का, टँकर कोण मागवतं, पैसे कोण देतं, टाकी किती लिटरची? हे करारात लिहून घ्या. पहिल्याच उन्हाळ्यात आमचा जागामालक म्हणाला, टँकर भाडेकरूचा. मी म्हटलं, बोअर तुमचा. तीन दिवस तो वाद चालला आणि तीन दिवस मुली दुपारीच घरी जात होत्या, कारण टॉयलेटला पाणी नव्हतं. राजीनाम्याचं कारण म्हणून हे कुणी लिहून देत नाही. पण माणसं असल्याच गोष्टींनी जातात.

प्रवासाचा भ्रमही आत्ताच काढून टाका. समृद्धी महामार्ग जून २०२५ मध्ये पूर्ण झाला, त्यानं मुंबई आणि नागपूर जवळ आलं. मुंबईला वंदे भारत आहे, विमानही आहे. पुण्याला मात्र तोच अहिल्यानगरवरून जाणारा रस्ता, सव्वादोनशे-अडीचशे किलोमीटर आणि पाच तास, वाघोलीला अडकलात तर सहा. रेल्वेनं म्हणाल तर मनमाड-दौंडचा वळसा. ‘सकाळी जाऊन संध्याकाळी परत’ हे कागदावरच. पुण्यातला क्लायंट आठवड्याला भेट मागत असेल तर हलायचा विचार सोडा.

माणसं कुठून मिळतील? शासकीय अभियांत्रिकी, एमजीएमचं जेएनईसी, नांदेडचं एसजीजीएस, ही इंजिनिअरिंग कॉलेजं. पहिल्या फळीतली मुलं कॅम्पसमधूनच पुण्या-बंगळूरला जातात, त्यांच्यामागे लागू नका. शेवटच्या सेमिस्टरला सहा महिन्यांची इंटर्नशिप द्या, स्टायपेंड नीट द्या आणि त्यातून निवडा. कोडमध्ये ही पोरं कुठं कमी नाहीत, कॉलवर मात्र गप्प बसतात. घनसावंगीकडचा एक मुलगा होता, क्लायंटनं नाव घेतलं की म्यूटवरच बोलायचा. ओठ हलताना दिसायचे, आवाज नाही. मुद्दाम करायचा. त्याला आम्ही कॉलच्या अर्धा तास आधी स्टेटस लिहून पाठवायला लावलं आणि कॉलवर फक्त तेच वाचायचं, असं ठरवलं. लिहायचा इतकं स्वच्छ की दोन महिन्यांनी क्लायंटनंच सांगितलं, बाकीच्यांनीही असंच पाठवा. म्यूट त्यानं कधी काढलं ते कुणाच्या लक्षातही आलं नाही.

लातूरबद्दल. शिक्षणाचा नाद असलेलं गाव आहे, पोरं कष्टाळू आहेत, आमची सहा जणांची टीम तिथं चार वर्षं छान चालली. पण अख्खी कंपनी तिथं नेऊ नका. आठ-दहा वर्षं अनुभवाचा माणूस अचानक लागला तर तिथं मिळत नाही, संभाजीनगरला निदान शोधता येतो. पाण्याचं म्हणाल तर २०१६ मध्ये मिरजेहून रेल्वेनं पाणी आणावं लागलेलं हे शहर आहे. आणि एक गोष्ट कॅलेंडरवर लाल शाईनं लिहून ठेवा, येळवस. मार्गशीर्षातली अमावस्या, म्हणजे डिसेंबरात नाहीतर जानेवारीत, बऱ्याचदा क्लायंटच्या वर्षअखेरच्या रिलीजच्या तोंडावर. त्या दिवशी लातूर-धाराशिवकडे गावात माणूस सापडत नाही, सगळे शेतात. पहिल्या वर्षी मी येडछापासारखा सकाळी दहाला फोन लावत बसलो होतो. शेवटी एकानं उचलला, मागून पोरांचा गलका, आणि म्हणाला, “सर, तुम्हीच या की, भज्जी-आंबील आहे.” पुढच्या वर्षीपासून रिलीज दोन दिवस आधी आणि मी शेतात.

तुमच्या जागी मी असतो तर मार्चची तारीख आधी पुढे ढकलली असती. जागामालकाकडून सहा महिने वाढवून घ्या, भाडं थोडं जास्त गेलं तरी चालेल. कागदावरच्या २८ पैकी जे स्वतःहून तयार आहेत असे चार-पाच एप्रिलमध्ये इकडं पाठवा. त्यात एक तरी असा सीनियर हवा की ज्याच्या शब्दावर बाकीचे विश्वास ठेवतात. को-वर्किंगमध्ये बसवा, फर्निचर करू नका. पुण्यात रिकाम्या होणाऱ्या जागा भरू नका, नवी भरती फक्त इकडं करा. दीड-दोन वर्षांत वजन आपोआप इकडं सरकेल, आणि नाही सरकलं तर तुम्ही फक्त पाच खुर्च्यांचं भाडं गमावलेलं असेल.

कायमची जागा बघायला मे महिन्यात या, दुपारी तीन वाजता. दिवाळीनंतरच्या गुलाबी थंडीत इथली प्रत्येक बिल्डिंग चांगली दिसते. वर जाऊन आधी बाथरूमचा नळ सोडून बघा, मग खाली येऊन केबल कुठून शिरते ते बघा. भाड्याचं बोलणं त्यानंतर.